रुमालाखालची बोटं

आमच्या वडगावात कशाचंही काहीही बिघडलं तरी त्याची कारणं दोनच असतात. एक तर लाईट गेलेली असते, नाहीतर नेट गंडलेलं असतं. माझ्या लहानपणीही दोनच होती. ऊन बाधलेलं असायचं किंवा बाहेरचं काहीतरी लागलेलं असायचं. पन्नास-साठ वर्षांत कारणं बदलली, संख्या वाढली नाही. दोनापेक्षा जास्त कारणं शोधायला लागलं की माणूस कोल्हापूरला जाऊन तपासण्या करून घेतो आणि खर्चात पडतो, हे आमच्या गावाने फार पूर्वी ओळखलेलं आहे.

हे सांगायचं कारण, २०२२ च्या डिसेंबरात मी सलग आठ दिवस एका निळ्या खिडकीपुढे बसून होतो आणि ती खिडकी मला रोज पिवळ्या अक्षरांत एकच गोष्ट बजावत होती : आपलं इंटरनेट तपासा. म्हणजे शेवटी यंत्रही वडगावचंच निघालं.

वडगाव म्हणजे पेठ वडगाव. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण महाराष्ट्रात वडगावं इतकी आहेत की माझ्या नावची पत्रं निम्म्या राज्यात फिरून येतात. आमचं वडगाव हातकणंगले तालुक्यातलं, पुणे-बंगळूर रस्त्यापासून जरासं आत. सेनापती धनाजी जाधव १७०८ साली इथंच वारले, त्यांची समाधी आमच्याकडे आहे. मोगलांच्या घोड्यांना म्हणे पाणी पिताना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे. त्या घोड्यांना काय वाटत असेल ते मला त्या आठ दिवसांत कळलं. चहा बशीत ओतावा तर बशीत पिवळी अक्षरं.

झालं होतं ते असं. निवृत्त झालेल्या मराठीच्या मास्तराला गावात मोकळं सोडत नाहीत, वाचनालयाच्या समितीवर घेतात. मलाही घेतलं. आमच्या आळीतल्या या वाचनालयात सदतीस कपाटं आणि नऊ हजारांवर पुस्तकं. दर वर्षी तपासणी होते, तपासणीवर अनुदान अवलंबून आणि अनुदानावर ग्रंथपालबाईंचा पगार. पगार कसला, मानधनच ते. पण त्यांच्या घरात महिन्याचं तेवढंच येतं. त्या वर्षी समितीने ठरवलं की पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर तयार ठेवायची. एका पतसंस्थेने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक आम्हांला भेट दिला होता. त्याच्यापुढे कॉलेजच्या पाच-सहा पोरी आळीपाळीने बसल्या आणि दोन सुट्ट्यांत त्यांनी एकेका कपाटाची एकेक फाइल टाइप केली. सदतीस कपाटं, सदतीस फायली. एकीने 'देशपांडे पु. ल.' लिहिलं, दुसरीने 'पु. ल. देशपांडे', तिसरीने नुसतं 'पुलं' आणि चौथीने तर थेट 'भाई'. इतका घरोबा मला आयुष्यात कुठल्या लेखकाशी जमला नाही.

या सदतीस फायलींची एक यादी करायची होती. मी आधी हातानेच करायला घेतली. अकराव्या कपाटापाशी एक रकाना सरकला आणि ज्ञानेश्वरीच्या किमतीच्या जागी 'फाटलेले' आणि शेऱ्याच्या जागी 'रुपये बारा' असं आलं. तिथे मी हात टेकले आणि चिरंजिवांना फोन केला.

चिरंजीव पुण्यात असतात. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीचं काम वाकडच्या दोन खोल्यांत बसून करतात. आमच्या फोनचा मजकूर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो." "आई आहे?" "देतो." या पाच वाक्यांत बापलेकाचं सगळं आटोपतं. कमी शब्दांत आशय मांडा, असं मी बत्तीस वर्षं वर्गात सांगत आलो. घरातल्या एकाने तरी ते मनावर घेतलं.

तर चिरंजीव म्हणाले, "फायली मला पाठवून द्या, दोन मिनिटांत करतो." मी म्हटलं, "तसं चालत नाही. वाचनालयाचं दप्तर गावाबाहेर जाऊ नये असा समितीचा ठराव आहे." "मग मी इथूनच तुमचा कॉम्प्युटर चालवतो." "बाहेरच्या माणसाने दप्तराला हात लावू नये असाही ठराव आहे." पलीकडे काही वेळ शांतता. मग ते म्हणाले, "बरं. तुम्हीच करा. मी बारा ओळी लिहून देतो, त्या पॉवरशेलमध्ये चिकटवा."

पॉवरशेल म्हणजे ती निळी खिडकी. मायक्रोसॉफ्टने २००६ साली काढलेली ही चीज विंडोजमध्ये आधीपासूनच असते, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काय हवं ते लेखी द्यायचं. मला ती पाहताक्षणी आवडली. लेखी अर्ज केल्याशिवाय काम नाही, ही पद्धत आमच्या पिढीच्या रक्तात आहे.

पण त्या बारा ओळी चालायला आधी एक जोडभाग उतरवून घ्यावा लागत होता. त्याचं नाव इम्पोर्ट-एक्सेल. आमच्या कॉम्प्युटरवर एक्सेल नव्हतंच, आणि हा जोडभाग एक्सेल नसतानाही एक्सेलच्या फायली वाचतो. असे हजारो जोडभाग 'पॉवरशेल गॅलरी' नावाच्या कोठारात ठेवलेले असतात. मागितला की तो आपोआप खाली उतरतो. मी मागितला. खिडकीने आधी विचारलं की त्यासाठी 'न्यूगेट' नावाचा एक गडी लागेल, आणू का? मी म्हटलं, आण. गडी काही आला नाही. पिवळी अक्षरं आली. अमुक ठिकाणाहून उतरवता आलं नाही. कोठाराचा ठावठिकाणा लागत नाही. आपलं इंटरनेट तपासा.

मी तपासलं. म्हणजे ब्राउझर उघडून कुमार गंधर्वांचं एक निर्गुणी भजन लावलं. ते विनातक्रार सुरू झालं. भजन ऐकत ऐकत पुन्हा मागणी केली. पुन्हा तेच.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, माझाच विद्यार्थी, शुद्धलेखनात दरवर्षी गटांगळ्या खायचा. तो आला, उभ्याउभ्याच पाहिलं आणि म्हणाला, "नेट गंडलंय, मास्तर." मी भजनाकडे बोट दाखवलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "मग विंडोज मारूया." आमच्या भागात सगळं मारावंच लागतं. भिंतीला रंग मारतात, बाजारात चक्कर मारतात, तसंच कॉम्प्युटरला विंडोज मारतात. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, असं तो म्हणाला तेव्हा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. मग नेटवाल्याला बोलावलं. तो खांबावर चढला, उतरला आणि "रेंज फुल्ल आहे" असं सांगून शंभर रुपये घेऊन गेला. घरातून सूचना आली की कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे, ते फिरवून बघा. तेही फिरवलं. आता हसू येतं, पण आठव्या दिवशी माणूस कशालाही तयार असतो. तपासणीला नऊ दिवस उरले होते, आणि ग्रंथपालबाई रोज संध्याकाळी काही न विचारता दारात उभ्या राहून जात होत्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चिरंजिवांनाही मी रोज कळवत होतो. तेही पहिले सात दिवस "नेट बघा, माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणाले. हे वाक्य त्या धंद्यात 'तिथं सगळं क्षेम आहे' अशा अर्थाने वापरतात, असं मला पुढे समजलं. आठव्या दिवशी रविवार होता. त्यांनी आपणहून फोन केला आणि म्हणाले, "बाबा, मी सांगतो तशी एक ओळ टाइप करा. चौकोनी कंस उघडा. नेट. टिंब. सर्व्हिसपॉइंटमॅनेजर, सगळं जोडून. कंस बंद. आता ती दोन टिंबं असतात ना, एकाखाली एक..."

"विसर्ग," मी म्हटलं.

"हां, विसर्ग. तो दोनदा द्या."

मी थबकलो. मराठीत 'दुःख' या शब्दालासुद्धा एकच विसर्ग पुरतो. दोन विसर्ग शेजारीशेजारी यावेत इतकं दुःख मी छापील मजकुरात पाहिलेलं नव्हतं. पण दिले. पुढे 'सिक्युरिटीप्रोटोकॉल' लिहून कळ दाबली. खिडकीने उत्तर दिलं : एसएसएल ३, टीएलएस.

पलीकडून चिरंजीव एकदम ओरडले, "सापडलं!"

इतक्या आनंदाने त्यांना ओरडताना मी दहावीच्या निकालानंतर ऐकलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "काय सापडलं ते नीट सांग. माझ्याकडे वेळ आहे."

ते सांगू लागले. दोन कॉम्प्युटर नेटवर भेटले की कामाचं बोलण्याआधी शेकहँड करतात. वाट उघड्यावरची, मधे कितीतरी कान. म्हणून पहिल्यांदा आपल्यात गुप्तपणे कसं बोलायचं ते ठरवून घ्यायचं. मागणारा म्हणतो, मला या या खुणा येतात. देणारा म्हणतो, त्यातली ही घेऊ. मग दोघांचीच एक किल्ली ठरते आणि पुढचं बोलणं त्या किल्लीने बंद. या रीतीला पूर्वी एसएसएल म्हणत. नेटस्केप कंपनीने ती १९९५ च्या सुमारास आणली, तिसरी आवृत्ती १९९६ ची. १९९९ मध्ये तीच थोडी दुरुस्त करून टीएलएस १.० या नावाने पुढे आली. कंपन्यांच्या मानापमानात नाव बदलावं लागलं होतं, दुकान तेच होतं. २००६ ला १.१, २००८ ला १.२, २०१८ ला १.३. कोठाराने एप्रिल २०२० पासून १.२ च्या आधीच्या खुणा घ्यायचं बंद केलं. आमच्या कॉम्प्युटरवरची विंडोज कित्येक वर्षांत अद्ययावत झाली नव्हती, कारण अपडेट सुरू झालं की ते संपेपर्यंत वाचनालय बंद करायची वेळ यायची. त्यामुळे आमच्या निळ्या खिडकीला १९९९ पर्यंतच्याच खुणा देता येत होत्या. ती हात पुढे करत होती आणि पलीकडचा हात मागे घेत होता.

"मग हे भजन कसं वाजतंय?"

"ब्राउझर स्वतःच्या खुणा स्वतःबरोबर बाळगतो. पॉवरशेलला खाली बसलेल्या डॉटनेटच्या खुणा वापराव्या लागतात, आणि ते जुनं पडलंय."

"आणि इंटरनेट तपासा कशाला म्हणतं?"

"त्याला एवढंच कळतं, की पलीकडून काही आलं नाही."

मला एकदम आबा आठवले.

आबा म्हणजे माझे वडील. वडगावच्या सोमवारच्या बाजारात ते जनावरांची दलाली करत. हे मी आता चारचौघांत सांगतो. शाळेत असताना 'वडिलांचा धंदा' या रकान्यात मी शेती लिहीत असे. बाजारात बैलाचा सौदा कधी तोंडाने व्हायचा नाही. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहायचे, हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. ते पाच शेकडे की पाच दहा, हे बैलाकडे बघून कळायचं. भोवती वीस माणसं उभी. सगळ्यांना दोघांचे चेहरे दिसताहेत, भाव कुणाला दिसत नाही. तोंडाने मात्र दोघं भलतंच बोलत असायचे, अमक्याच्या लेकीचं जमलं का, तमक्याच्या विहिरीला पाणी लागलं का. आणि मधेच एक हात झटक्यात बाहेर यायचा. म्हणजे सौदा मोडला. का मोडला ते कुणी सांगायचं नाही.

यात बैलाचा मालक शेजारीच उभा असायचा आणि स्वतःच्या बैलाचा भाव त्याला सगळ्यांत शेवटी कळायचा. हे काही बरं नव्हे. बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा झाला, शेतमालाला उघड लिलाव हवा असा आग्रह धरला गेला, तो उगीच नाही. मला तेव्हा कायदा ठाऊक नव्हता. मला फक्त लाज वाटायची.

बारा वर्षांचा असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, आबांनी मला एका सोमवारी बरोबर नेलं. भर बाजारात माझ्या हातावर रुमाल टाकला आणि खालून माझी बोटं धरली. "सांग बघू किती?" समोरच माझ्या वर्गातली दोन मुलं उसाचा रस पीत उभी होती. मी हात ओढून घेतला. आबांनी रुमालाची घडी केली, खांद्यावर टाकली आणि भोवतालच्या माणसांना म्हणाले, "ऊन लागलंय पोराला." पुन्हा त्यांनी मला बाजारात नेलं नाही.

हे सगळं मी चिरंजिवांना फोनवर सांगितलं. त्यांना आबा फार थोडे आठवतात. ते म्हणाले, "बाबा, हे तर हुबेहूब टीएलएस आहे! तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" आता याला काय उत्तर देणार? जेवलास का आणि आईला देतो, यांच्या मधे हे कुठे बसणार होतं?

मग मी त्यांना नंदभाषेचंही सांगितलं. व्यापाऱ्यांची आणि दलालांची एक चोरटी बोली असे. आबा रुमाल नसताना ती वापरत. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. घरात कुणी परकं बसलेलं असलं की आबा आईला "मुळू दे गं" म्हणत आणि आई आतून पाच रुपये आणून देई. मला वाटे, ही आमच्या घराची किंवा फार तर आमच्या बाजाराची गुपितं. पुढे मास्तर झाल्यावर १९८६ साली मी वाचनालयातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घरी आणला. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत, पण त्या वेळचे ग्रंथपाल माझे मित्र होते. तो पाहतो तर 'नंदभाषा' शब्दाखाली आबांचं सगळं भांडार छापलेलं! दुसरी आवृत्ती १८५७ ची. म्हणजे इकडे सत्तावन्नची धामधूम चाललेली आणि एक साहेब आमच्या दलालांची गुपितं इंग्रजी अर्थासह जगाला वाटत होता. मी धावत आबांकडे गेलो. खरं सांगायचं तर थोडा आनंदच झाला होता मला. म्हटलं, "आबा, तुमची भाषा पुस्तकात छापलीय. सव्वाशे वर्षं झाली."

आबा तंबाखू मळत होते. "छापलंय व्हय?" ते म्हणाले. "मग बदलाय पायजे." थोड्या वेळाने चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "बोलणं फुटतंच रं कवातरी. रुमाल हाय तवर धंदा हाय."

फोनवर चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेट गंडलं. मग म्हणाले, "आबा बरोबर बोलले. हे केर्कहॉफ्स नावाच्या माणसाने १८८३ साली लिहून ठेवलंय. आम्हांला अभ्यासाला होतं. रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. टीएलएसची सगळी रीत छापील आहे, कुणीही वाचावी. नंदभाषेत रीतच गुपित होती, म्हणून कोशात गेली की संपली. रुमालाचं तसं नाही. पंजा म्हणजे पाच हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. आत्ता, या रुमालाखाली, कुठली बोटं धरलीत एवढंच ठाऊक नाही."

"मग जुना टीएलएस का टाकला? त्यात रुमाल नव्हता?"

"होता. विरला."

विरला म्हणजे कसा, तेही त्यांनी सांगितलं. २०११ मध्ये काही संशोधकांनी टीएलएस १.० च्या रुमालातून बोटं ओळखून दाखवली. त्या युक्तीचं नाव बीस्ट, म्हणजे जनावर. २०१४ च्या ऑक्टोबरात गुगलच्या तिघांनी एसएसएल ३ ची तीच गत केली, तिचं नाव पूडल. ते एक केसाळ कुत्रं असतं. म्हटलं, म्हणजे हेही सगळं जनावरांच्या बाजारातच चाललंय. मग मोठ्या कंपन्यांनी ठरवलं की २०२० मध्ये ब्राउझरमधून जुने रुमाल काढायचे. तेवढ्यात करोना आला, आणि काही सरकारी संकेतस्थळं अजून जुन्यावरच आहेत, माणसांना माहिती मिळणार नाही, असं ध्यानात आल्यावर फायरफॉक्सने काढलेले रुमाल काही काळ परत दिले. मुदतवाढ ही काही आपल्याच देशाची खासियत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. शेवटी २०२१ च्या मार्चमध्ये टीएलएस १.० आणि १.१ रीतसर मोडीत काढल्याचं इंटरनेटच्या नियमकर्त्या मंडळींनी जाहीर केलं.

"आता नवा रुमाल देऊ," चिरंजीव म्हणाले. "मघाचीच ओळ लिहा. पुढे बरोबरचं चिन्ह. पुन्हा चौकोनी कंस, नेट, टिंब, सिक्युरिटीप्रोटोकॉलटाइप, कंस बंद. दोन विसर्ग. टीएलएस बारा."

"बारा? आत्ता तर एक पूर्णांक दोन म्हणालास."

"तेच ते. फक्त टिंब द्यायचं नाही."

मी बत्तीस वर्षं अनुस्वार गाळला म्हणून मुलांचा अर्धा गुण कापलेला माणूस. पण कळ दाबली. खिडकी काहीच बोलली नाही. पॉवरशेलमध्ये काही न बोलणं म्हणजे मान्य असणं. हा भाग आबांच्या बाजाराच्या अगदी उलटा आहे. मग पुन्हा मागणी केली. न्यूगेट आला. कोठार अनोळखी आहे, विश्वास ठेवू का, असं विचारलं. ठेव म्हटलं. वर एक हिरवट पट्टी सरकली आणि इम्पोर्ट-एक्सेल उतरलं. मी आणि चिरंजीव दोघेही काही क्षण गप्प होतो. मागून आवाज आला, "अडीच तास झाले, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, "टीएलएस." ती म्हणाली, "एजंट असेल तर सांगा, आपल्याकडे दोन पॉलिश्या आहेत."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंना दाखवायला म्हणून मी खिडकी नव्याने उघडली, दुसरा एक जोडभाग ऐटीत मागितला, आणि पुन्हा पिवळी अक्षरं. इंटरनेट तपासा. ती ओळ म्हणे त्या खिडकीपुरतीच असते. खिडकी मिटली की विसरली. तोंडी व्यवहाराचं असंच होतं. पक्कं करायचं तर रजिस्ट्रीत नोंद घालावी लागते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा सातबारा. त्यात हात घालताना तलाठ्यापुढे बसल्यासारखं अंग आपोआप आवळतं. डॉटनेटच्या खात्यावर 'यूज स्ट्राँग क्रिप्टो' अशा अर्थाची एक नोंद नव्याने उघडायची आणि तिची किंमत एक लिहायची. केवली. बस्स, एवढंच. फक्त ती दोन ठिकाणी लिहायची, एकदा ६४ बिटांच्या खात्यावर आणि एकदा ३२ बिटांच्या. वाटणी झालेल्या भावांच्या सातबाऱ्यावर एकच विहीर दोनदा दिसते ना, तसं. लिहिलं, खिडकी मिटून पुन्हा उघडली, दोन विसर्गांची ओळ देऊन विचारलं. उत्तरात आता १.२ आलं होतं.

बारा ओळी चिकटवल्या. सदतीस कपाटं चहा निवायच्या आत एक झाली. पुलं चार नावांनी आले होते, त्यांना ग्रंथपालबाईंनी दुपारभर बसून एका नावाखाली आणलं. नऊ हजार दोनशे चौदा पुस्तकं. तपासणीच्या आदल्या दिवशी छापील यादी बाईंच्या टेबलावर होती, आणि त्यांनी तिला चक्क जुन्या नकाशाच्या कापडाचं वेष्टण शिवलं होतं. तपासणी नीट पार पडली.

चिरंजिवांना यादी दाखवता येत नव्हती, ठराव आडवा येत होता. म्हणून मी त्यांना फोनवरच वाचून दाखवू लागलो. ते म्हणाले, "नऊ हजार वाचणार आहात?" म्हटलं, "नाही, नुसतं गंमतीदार काय ते." मग शेऱ्याचा रकाना वाचत निघालो. 'वाळवी.' 'शेवटची पाने नाहीत.' 'दोन प्रती.' 'पुरात भिजले.' आणि एकोणिसाव्या कपाटाशी येऊन थांबलो. तिथे कॉलेजच्या कुठल्याशा पोरीने जुन्या रजिस्टरातून इमानेइतबारे उतरवून घेतलं होतं : मोल्सवर्थ, मराठी-इंग्रजी कोश, पुनर्मुद्रण १९७५, शेरा, 'मास्तरांकडे. मागून घेणे.'

"काय झालं?" चिरंजिवांनी विचारलं. "आवाज येत नाहीये."

"नेट गंडलं असेल," मी म्हटलं.